देस, दिसावर आणि हिंगणघाट

अमेरिकी सरहद्दीवरचा वाटाड्या डॅनियल बून याच्या घराण्याचा माग काढणे फारसे अवघड नाही. वडील स्क्वायर बून 1713च्या सुमारास इंग्लंडमधल्या डेव्हनहून पेनसिल्व्हेनियात आले. डॅनियल तिथेच 1734 साली जन्मला. 1750च्या सुमारास सगळे कुटुंब नॉर्थ कॅरोलायनातल्या यादकिन खोऱ्यात उतरले. 1775 साली डॅनियलने डोंगर ओलांडून केंटकीत वस्ती वसवली, 1799 साली साठी उलटल्यावर मिसुरी गाठले आणि 1820 साली तिथेच देह ठेवला. अशा घराण्यांच्या मुक्कामामुक्कामावर जमिनीची खते, मृत्युपत्रे, प्रार्थनासभांच्या नोंदी सापडतात. शिवाय 1790पासून दर दहा वर्षांची खानेसुमारी आहेच. गंमत अशी की कागदांमुळे ज्याचा वंश आज सापडतो, त्या बूनच्या केंटकीतल्या जमिनी कागद नीट न केल्यामुळेच हातच्या गेल्या. हीच पद्धत घेऊन हिंगणघाटच्या मारवाडी घराण्यांकडे वळले, की संशोधक अडखळतो. इथल्या खानेसुमारीने डोकी मोजली, पण कुटुंबवार तक्ते जपून ठेवले नाहीत. खरी अडचण मात्र कागदांच्या अभावाची नाही. इथे वंश ज्या वाटेने चालतो ती वाटच वेगळी आहे. माझ्या मते ती वाट पेढीची आहे. पेढीचे नाव धरले तर घराणे सापडते. नुसते रक्त धरून गेले तर ते दुसऱ्या पिढीलाच हरवते.

आधी ही माणसे इथे का आली ते पाहू. वणा नदीकाठचे हिंगणघाट 'बनी' जातीच्या कापसासाठी नावाजलेले होते. देशी कापसात लांब आणि मऊ धाग्याचा म्हणून त्याला मान होता. 1854 साली नागपूरच्या भोसल्यांचे राज्य खालसा झाले. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाड-नागपूरच्या कापसाचे मोल एकाएकी वाढले. पुढे मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी खास कापूस आयुक्त नेमला गेला. हॅरी रिव्हेट-कार्नॅक हे त्या पदावरचे ठळक नाव. 1867 साली रेल्वे नागपूरला पोहोचली, आणि नंतर वर्ध्याहून वरोऱ्याच्या कोळशाकडे जाणारा फाटा हिंगणघाटवरून गेला. बूनसारख्या कुटुंबांच्या मागोमाग अमेरिकेत कापसाची सरहद्द पश्चिमेकडे सरकत गेली होती. ती युद्धाने थबकली तेव्हा जगाच्या बाजारापुरती कापसाची सरहद्द काही वर्षे वणेच्या काठी आली, असे म्हणायला हरकत नाही.

या सरहद्दीवर बिकानेर-शेखावाटीकडची माणसे आली. 'लोटा-दोरी घेऊन आलेला मारवाडी' ही आख्यायिका सगळ्यांना पाठ आहे, पण ती दिशाभूल करते. बन्सीलाल अबीरचंद ही बिकानेरच्या डागा घराण्याची पेढी लोटा-दोरीवर चाललेली नव्हती. 1821 साली वसलेली कामठीची छावणी आणि नागपूर ही तिची मोठी ठाणी होती, सावकारीसोबत कोळसा आणि गिरण्या हे तिचे व्यवसाय होते, आणि हिंगणघाटची गिरणी त्या जाळ्यातली एक गाठ होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेढीचे प्रमुख होते सर कस्तूरचंद डागा. नागपूरचे कस्तूरचंद पार्क त्यांच्याच नावाचे. पण दारावरची पाटी बदलली नाही. कर्ते कस्तूरचंद, आणि हुंडीवर नाव बन्सीलाल अबीरचंद! अमेरिकी वंशशोधक इथे दोन वेगळी कुटुंबे मानून चुकला असता.

याहून बोलका पुरावा शेजारी वर्ध्यात आहे. सेठ बच्छराज यांचा मुलगा रामधन निवर्तला होता. सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात 1889 साली जन्मलेला जमनालाल त्यांना नातू म्हणून दत्तक मिळाला. परंपरेनुसार, त्याला मागून घेण्यात बच्छराजांच्या पत्नी सद्दीबाई यांचा पुढाकार होता आणि बदल्यात त्या खेड्यात विहीर बांधून दिली गेली. 'देस' म्हणजे मूळ मुलूख आणि 'दिसावर' म्हणजे व्यापारासाठी गाठलेला परमुलूख, यांच्यातली देवाणघेवाण इतक्या उघडपणे क्वचितच दिसते: वाळवंटाला पाणी, पेढीला वारस. पुढे गांधीजींचा पाचवा पुत्र म्हणून जमनालाल बजाज देशभर ओळखले गेले, तरी 1945 साली जी कंपनी उभी राहिली आणि नंतर बजाज ऑटो झाली, तिचे पहिले नाव बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन असे होते. जमनालाल तीन वर्षांपूर्वीच वारले होते. पेढी मात्र दत्तक आजोबांचेच नाव सांगत होती.

यावर पहिला आक्षेप असा येईल की दत्तक तर देशमुख-देशपांड्यांतही होते, मग यात मारवाडी ते काय? दत्तकाचा नियम सारखाच, हे कबूल. पण वतनदाराच्या दत्तकाबरोबर गाव आणि आडनाव चालते. इथे चालते ते एका माणसाचे, किंवा बाप-लेकाचे, नुसते नाव आणि त्या नावाची बाजारातली पत. जमीन गेली तरी पत चालू शकते, म्हणूनच हे घराणे हलते राहू शकले. दुसरा आक्षेप हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचा. तिथे पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेल्या आहेत, मग पेढीची वाट कशाला? त्या वह्या मोलाच्या आहेत, पण त्यांची मांडणी मूळ गावावर आणि जातीवर असते. हिंगणघाटचे घर तिथे बिकानेरखाली सापडायचे. वही देस सांगते, दिसावराचा हिशेब पेढीकडेच मागावा लागतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. पेढीची वंशावळ मुली गाळते, आणि ऋणकोही गाळते. जावऱ्याहून वर्ध्यात सून म्हणून आलेल्या जानकीदेवी बजाज यांना 1956 साली पद्मविभूषण मिळाले म्हणून त्या दिसतात. बाकीच्या सुना-लेकी पाटीवर कुठेच नाहीत. ऋणकोंचे म्हणाल तर मध्य प्रांतातल्या 1860च्या दशकातील जमाबंदीने गावाचा सारा भरणाऱ्या मालगुजाराला मालकी हक्क दिला, गाव विकता-गहाण टाकता येऊ लागले, आणि कर्जातून मालगुजारी सावकाराकडे जाण्याची वाट मोकळी झाली. बूनच्या केंटकीत शॉनी लोकांची शिकारभूमी बंदुकीने गेली; इथे बंदूक आधीच येऊन गेली होती, उरलेले काम कायद्याने आणि वहीने केले. पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात मे 1875मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली, ती उगीच नव्हे. कोणता कागद वंश ठरवतो आणि कोणता जमीन, हे त्यांना पुरते कळले होते. म्हणून पेढीचा माग काढणाऱ्याने जमेच्या बाजूइतकीच नावेची बाजूही वाचली पाहिजे. कुणब्या-तेल्यांची नावे तिथे सापडतात.

पेढीचे नाव गिरण्यांवरही असेच चालत राहिले. हिंगणघाटात 1898 साली रायसाहेब रेखचंद मोहता यांच्या नावाची गिरणी उभी राहिली. अकोल्याच्या गिरणीवर रेखचंद गोपालदास मोहता असे नाव होते. 1974 साली संसदेने 103 आजारी कापडगिरण्या राष्ट्रीयीकृत केल्या. कायद्याच्या परिशिष्टात अकोल्याची मोहता गिरणी होती आणि हिंगणघाटची रायबहादूर बन्सीलाल अबीरचंद गिरणीही होती. हिंगणघाटची मोहता गिरणी मात्र खासगीच राहिली. बन्सीलाल अबीरचंद गिरणीचे मालक भारत सरकार झाले, तरी तिचे नाव तेच राहिले. कामगार आणि कागद तिला 'आर.बी.बी.ए.' म्हणत, आणि ब्रिटिशांनी बिकानेरच्या सावकाराला दिलेली 'रायबहादूर' ही पदवी त्या पहिल्या दोन अक्षरांत राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या खात्यांवर चालू राहिली.