सात इंचांचा खिसा

ताईंच्या शिवणकामाच्या दुकानात कपडे येतात ते बहुतेक कुरिअरच्या पिशवीतून. कापड घेऊन शिवून घ्यायला येणारी बाई आता क्वचितच. बाकीच्या बायका करड्या प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, "ताई, आलंय. बघा जरा." नाशिकच्या गंगापूर रोडवरून आत वळलेल्या गल्लीत, पिठाच्या गिरणीला लागून हे दुकान आहे. गरम पिठाचा वास आणि नव्या रेयॉनचा तो खळीचा, औषधासारखा वास इथे दिवसभर एकमेकांत मिसळलेला असतो. घरी आल्यावरही माझ्या ओढणीला तो येत होता.

मी गेले ते एका ओळखीच्या बाईंच्या बोलण्यामुळे. शाळेतून निवृत्त झालेल्या या बाई हरिहर गडावर जाऊन आल्या आणि गडाइतक्याच कौतुकाने कुर्त्याच्या खिशाबद्दल बोलल्या. हरिहरच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या इतक्या उभ्या आहेत की हात आणि पाय दोन्ही लावूनच चढावं लागतं. बोटं रुतवायला पायऱ्यांच्या कडेला खोबण्या कोरलेल्या आहेत. तिथे खांद्यावरची पर्स पुढे घसरते, ओढणी पायात येते आणि फोन हातात धरण्याचा प्रश्नच नसतो. "माझे दोन्ही हात मोकळे होते," बाई म्हणाल्या. "ताईंनी खिसा लावून दिला होता ना."

नाशिकच्या बायका पूर्वीपासून फिरणाऱ्या. वणीचा गड, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी पावसाचिखलातून ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा, आणि आता मैत्रिणींचा गट करून काश्मीर, चारधाम, केरळ. तिकीट निघालं की दुसऱ्याच रात्री फोनवर कपड्यांचा शोध सुरू होतो. धुवायला सोपा, चुरगळणार नाही असा, फोटोत चांगला दिसेल असा आणि देवळातही चालेल असा, हे सगळं एकाच कुर्त्यात हवं असतं. दिवसभराचं काम उरकून, सगळे झोपल्यावर, अंथरुणात पडल्या पडल्या ही खरेदी चालते. तिला करमणूक म्हणणाऱ्यांनी एकदा शेजारी बसून बघावं. कापड कोणतं, बाही केवढी, परत घेतात का, किती दिवसांत, हे बारीक अक्षरांतून शोधून काढणं हे कष्टाचंच काम आहे.

दुकानात बसल्यावर या बायका एकमेकींना काय शिकवतात तेही ऐकायला मिळालं. मॉडेलचा फोटो बघायचाच नाही, खाली गिऱ्हाइकांनी टाकलेले फोटो बघायचे. आपला अंगाला नीट बसणारा जुना कुर्ता पलंगावर पसरून काखेपासून काखेपर्यंत टेप लावायची, दुप्पट करायची आणि तो आकडा तक्त्याशी जुळवायचा. त्यातही तक्ता अंगाच्या मापाचा आहे की कपड्याच्या, ते आधी बघायचं. अडतीस छातीला कपडा चाळीस-एकेचाळीस लागतो, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. भारतीय अंगाची म्हणून काही प्रमाण मापं असावीत, यासाठी केंद्र सरकारने २०१८ साली राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेमार्फत प्रकल्प जाहीर केला. सहा शहरांतल्या २५ हजार लोकांची मापं स्कॅनरने घ्यायची अशी ती योजना; महाराष्ट्रातून त्यात मुंबई होती. गल्लीतल्या या दुकानात मात्र एका कंपनीचा 'एल' दुसऱ्या कंपनीच्या 'एम'मध्ये बिनदिक्कत मावताना मी पाहिला.

"मोठाच मागवा," ताई प्रत्येकीला सांगतात. याचं कारण त्यांनी मला कुर्ता उलटा करून दाखवलं. कारखान्यात शिवण इंटरलॉक करताना कडेचं कापड छाटून टाकतात. आत अर्धा इंचही उरत नाही. घट्ट झालेला कपडा उसवून सैल करायला जागाच नाही. सैल असेल तर आत घेता येतो. पूर्वी शिंपी ब्लाउजला आत कापड सोडायचा, ते बाईचं वजन वाढलं तरी कपडा टिकावा म्हणून. आता तेवढं कापड कंपनीचं वाचतं आणि बाईचा कपडा वर्षभरात बाद होतो.

पण ताईंचा खरा हात बसलाय तो खिशावर. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "सात इंच. तोंडापासून खाली सात इंच. त्याहून कमी असला तर फोन राहत नाही." आजचा फोन साधारण सव्वासहा इंच लांब असतो. खिसा पाच इंचांचा असला की फोन अर्धवट वर राहतो आणि रिक्षातून उतरताना पडतो. विकत घेतलेल्या कुर्त्यांना खिसा नसतोच, किंवा असतो तो रुमालापुरता. हे इथलंच दुखणं नाही. 'द पुडिंग' या अमेरिकन नियतकालिकाने २०१८ साली वीस ब्रँडच्या जीन्स मोजल्या, तेव्हा बायकांचे पुढचे खिसे पुरुषांच्या खिशांपेक्षा सरासरी ४८ टक्क्यांनी आखूड निघाले. नऊवारीत आपल्या आज्यांकडे निदान कनवट होती. पैसे, किल्ली, चंची, सगळं कमरेला. काष्टा घातलेला, हात मोकळे. कुर्ता आला आणि बाईच्या हातात पर्स आली.

कुर्त्याला खिसा लावणं दिसतं तितकं सोपं नाही. अडचण साइड कटची असते. कट कमरेखाली सुरू होतो, आणि सात इंचांची पिशवी शिवणीत लावली की तिचं टोक कटमधून बाहेर डोकावतं. त्या दिवशी एका तरुणीचा मेंदी रंगाचा कुर्ता टेबलावर होता. ताईंनी ब्लेडच्या टोकाने बाजूची शिवण उसवली, एकेक टाका मोजल्यासारखी. मग पॉपलीनच्या तुकड्यावर मुलीचाच पंजा ठेवायला लावला आणि त्याच्याभोवती खडूने रेघ मारली. "तुझा हात आत जायला पाहिजे, माझा नाही." दोन तुकडे कापले, एक पुढच्या पाख्याला, एक मागच्या, आणि पुढच्यावर आतून दाबटीप मारली, म्हणजे अस्तर बाहेर पलटत नाही. पिशवीचं टोक पुढच्या पाख्यावर आतून हलकेच टाचलं. कट तीन इंच खाली आणला. शेवटी खिशाच्या तोंडाला वर-खाली उलटी टीप, दोनदा. कपडा फाटतो तो तिथूनच. मग टेप लावली. सात.

याचे त्या साठ रुपये घेतात. आठशेच्या कुर्त्याला साठ रुपये जास्त वाटतात म्हणून घासाघीस करणाऱ्या बायकाही बघितल्या, आणि मला ते आवडलं नाही. डिलिव्हरीचे पैसे निमूट देणारी बाई इथेच का अडते? साठ रुपयांत पाऊण तास बसून ताई त्या कुर्त्याला प्रवासाच्या लायकीचा करतात.

काम हातात घेण्याआधी त्यांची एक अट असते. कपडा घालून दाखवायचा. नुसतं उभं राहून नाही. स्टुलावर पाय ठेवायचा, जमिनीवर मांडी घालायची, दोन्ही हात वर करायचे. गाडीत वरच्या बर्थवर चढायचं आहे ना? मग चढून दाखवा. यात पास झाला तर घरी नेऊन एकदा धुवायचा, कारण रेयॉन पहिल्या धुण्यात आटतो. नापास झाला तर लेबल न काढता आजच परत. एकदा धुतला की परत जात नाही, म्हणून हा निर्णय मुदतीच्या आत दुकानातच होतो. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला जाणाऱ्यांना त्या सुती जीन्स घालू देत नाहीत. सूत पाणी धरून ठेवतं, पॉलिएस्टर जवळजवळ धरतच नाही. भिजलेली जीन्स मांड्या सोलते. उन्हाळ्यात काशीला जायचं तर मात्र सुतीच.

मी होते तेव्हाच त्या निवृत्त बाई आल्या. चारधामला निघाल्या होत्या. नवी ट्रॅव्हल पँट, जाहिरातीत मोठ्या अक्षरात 'पॉकेट्स'. ताईंनी टेप लावली: साडेचार. बाईंनी स्टुलावर पाय ठेवून बघितला, मांडी घातली, पँट उत्तम बसली होती. "ठेवते," म्हणाल्या, "खिसा वाढवा." मग चष्मा डोळ्यांवर घेऊन त्यांनी खिशाला टेप लावूनच फोटो काढला आणि अभिप्रायाच्या चौकटीत मराठीत लिहायला सुरुवात केली. कापड चांगलं, शिलाई बरी, खिसा साडेचार इंच, फोन मावत नाही, सात हवा. मेंदी रंगाच्या कुर्त्याची मुलगी खांद्यावरून वाचत होती. तिने आपला फोन काढला आणि म्हणाली, "काकू, ती टेप जरा इकडे द्या."