दोरी नवी, कूर्चा जुनीच

श्रावण तोंडावर आला की जुन्या शहरातील माझ्या दवाखान्यात तरुण मंडळींचे गुडघे येऊ लागतात. परवा असाच एक कबड्डी खेळणारा मुलगा आला. सहा महिन्यांपूर्वी त्याच्या गुडघ्यातील लिगामेंटची शस्त्रक्रिया झालेली. "डॉक्टरसाहेब, आता तं बिलकुल दुखत नाई. यंदा गांधीग्रामहून कावड आणू नं?" सोबतची आई म्हणाली, "तुमीच समजवा जी याले. आमचं आयकत नाई."

'दुखत नाही म्हणजे बरे झाले' हा समज गुडघ्याच्या बाबतीत फसवा आहे. का, ते पाहू.

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड एकमेकांवरून घसरू नये म्हणून गुडघ्यात दोरीसारखे लिगामेंट असते. ते तुटले की शल्यविशारद बहुधा रुग्णाच्याच शरीरातील स्नायुरज्जू घेऊन नवी दोरी बसवतात. पण हाडांच्या टोकांवर काही मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत थर असतो, तो म्हणजे कूर्चा. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून तिची जखम नीट भरत नाही. मज्जातंतू नाहीत, म्हणून झिजू लागली तरी ती सुरुवातीला तक्रार करीत नाही. गुडघा पिरगळतो त्याच क्षणी पुष्कळदा तिलाही मार बसतो. शस्त्रक्रियेने दोरी नवी होते. कूर्चा तीच राहते. म्हणूनच शस्त्रक्रिया उत्तम होऊनही दहा-वीस वर्षांनी अनेकांच्या एक्स-रेत झीज दिसते. आतली गादी फाटून काढावी लागली असेल तर धोका आणखी वाढतो.

मग खाटेवर पडून राहायचे का? मुळीच नाही. कूर्चेला पोषण मिळते ते सांध्यातील वंगणातून. स्पंजसारखी ती दाबली गेली, सुटली, की वंगण आतबाहेर होते. म्हणून बेताचे चालणे आणि सायकल हे तिचे अन्नच समजा. घात होतो तो घाईने.

क्रिकेटपटू ऋषभ पंतचे उदाहरण घ्या. 30 डिसेंबर 2022 रोजी मोटार अपघात झाला, जानेवारी 2023 मध्ये मुंबईत त्याच्या गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली. तो सामन्यात परतला मार्च 2024 मध्ये! त्याची दुखापत मोठी होती हे खरे. पण दिमतीला तज्ज्ञ असूनही त्याने चौदा महिने धीर धरला.

वाचकहो, एवढे लक्षात ठेवा :

* किमान नऊ महिने कबड्डी, फुटबॉल, उड्या नकोत. नंतरही सर्जनच्या परवानगीनेच.
* मांडीच्या स्नायूंचा व्यायाम सोडू नका. त्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के हवी.
* वजन आटोक्यात ठेवा. लठ्ठ माणसाचे 1 किलो वजन घटले, तर पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोंनी हलका होतो.
* वेदनाशामक गोळी घेऊन मैदानात उतरू नका.
* गुडघा सुजला, अडकला किंवा लचकला तर ताबडतोब दाखवा.

त्या मुलाला मी म्हटले, "अनवाणी सतरा-अठरा किलोमीटर, त्यात खांद्यावर भरलेली कावड, हे यंदा नको. यंदा रस्त्यावर उभा राहून भक्तांना पाणी वाट. राजराजेश्वर पुढल्या श्रावणातही इथेच आहे. गुडघा मात्र जन्मभर पुरवायचा आहे."

मुलगा जरा हिरमुसला. पण आईचा चेहरा खुलला.