नाताळचा केक आणि शिरोलीचा रायझर

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत साच्यात ओतलं जाणारं लोखंड साधारण १४०० अंश सेल्सियसला असतं. नाताळच्या आधी घरात भाजला जाणारा केक मात्र पूर्ण भाजून झाला तरी आतून १०० अंशांच्या वर जात नाही, कारण त्यातलं पाणी त्याला जाऊ देत नाही. एवढं अंतर असूनही दोन्हीकडे वेळेचा हिशेब एकाच नियमाने चालतो. तो नियम कळला तर सणाच्या स्वयंपाकात वेळ कुठे वाचवता येतो आणि कुठे वाचवायला गेलं की पदार्थ हातचा जातो, हे आधीच सांगता येतं.

कोल्हापुरातला नाताळ जुना आहे. रॉयल गूल्ड वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये इथे आले. शहरातलं वायल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. कोडोली, मिरज, सांगली या पट्ट्यातही मराठी ख्रिस्ती कुटुंबं आहेत आणि त्यांच्या घरचं नाताळचं ताट इथल्याच मातीतलं आहे. करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या, अनारसे असा फराळ, जोडीला केक, आणि २५ तारखेची सकाळची उपासना आटोपून घरी आलं की मटणाचं जेवण. कोल्हापूर म्हटल्यावर तांबडा-पांढरा रस्सा आलाच. घरातलं कुणी पाळीत काम करणारं असेल तर हे सगळं दोन-तीन संध्याकाळींत उरकावं लागतं. मग केकचं तयार प्रीमिक्स येतं, अनारशाचं विकतचं पीठ येतं, मटण कुकरला लागतं. यात ओशाळण्यासारखं काहीच नाही, असं माझं ठाम मत आहे. फक्त आपण नेमका कोणता वेळ वाचवतोय, ते माहीत हवं.

केक भाजताना वेळ मुख्यतः कशात जातो? उष्णता कडेपासून मध्यापर्यंत पोचण्यात. पीठ-अंडी-साखरेच्या मिश्रणातून ती फार सावकाश सरकते. लोखंडातून तापमानाचा बदल जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी वेगाने तो अशा ओलसर पदार्थातून पसरतो. शिवाय अंतर दुप्पट झालं की वेळ दुप्पट होत नाही, चौपट होतो. अडीच सेंटिमीटर जाडीचा थर आणि पाच सेंटिमीटर जाडीचा थर यांच्यातला फरक हा असा आहे. केक जाळीदार असतो, त्यातली वाफ गरम बाजूकडून थंड बाजूकडे सरकून थोडी उष्णता पुढे नेते, त्यामुळे प्रत्यक्षात हा हिशेब जरासा सैल होतो. पण मूळ सांगाडा तोच राहतो.

फाउंड्रीत हाच सांगाडा उलट्या दिशेने काम करतो. तिथे उष्णता मध्यातून बाहेर जायची असते. निकोलस ख्वोरिनोव या झेक अभियंत्याने १९४० मध्ये मांडलेला नियम ओतकाम शिकणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतो. कास्टिंगचं आकारमान भागिले त्याच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ, आणि जे येईल त्याचा वर्ग. गोठायला लागणारा वेळ त्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणून जाड भाग शेवटी गोठतो. गोठताना धातू आकसतो. तेव्हा त्याला वरून द्रव धातू मिळाला नाही तर आत पोकळी राहते आणि नग रिजेक्शनमध्ये जातो. हे टाळायला कास्टिंगला लागून रायझर ठेवतात. रायझर म्हणजे वितळलेल्या धातूचा साठा. त्याचा आकार असा धरतात की तो कास्टिंगच्याही नंतर गोठेल आणि शेवटपर्यंत धातू पुरवत राहील.

मध्येच बसलेला केक हा या दोषाचाच भाऊबंद आहे. कडा शिजून घट्ट झाल्या, मध्यभाग अजून पातळ, आणि घाईने डबा बाहेर काढला. आतले फुगे गार होऊन आकसतात, त्यांना तोलून धरणारी भिंत मध्यभागी तयारच झालेली नसते, आणि केक खचतो. अशा वेळी अनेक जण पुढच्या खेपेला आच वाढवतात. त्याने वरचा थर लवकर करपतो आणि मध्यभाग जवळपास तिथल्या तिथेच राहतो. उपाय आचेत नाही, जाडीत आहे. एका उंच डब्याऐवजी दोन पसरट डबे घ्यावेत, किंवा मध्ये नळी असलेलं भांडं घ्यावं, म्हणजे उष्णतेला आतूनही वाट मिळते. फाउंड्रीतही साच्यात जाड भागाजवळ धातूचा तुकडा बसवतात. त्याला चिल म्हणतात. तो त्या भागाची उष्णता झटकन ओढून घेतो. दोन्हीकडे युक्ती एकच, उष्णतेचा रस्ता आखूड करायचा.

गोव्याच्या बेबिंकाने हा प्रश्न फार देखण्या रीतीने सोडवला आहे. नारळाचं दूध, अंड्यांचे बलक, साखर आणि मैद्याचं मिश्रण एकदम न ओतता पातळ थर ओतायचा, वरून निखाऱ्यांची आच द्यायची, तो थर तांबूस झाला की तूप लावून पुढचा. थर सात असोत वा सोळा, प्रत्येक थराला उष्णतेचं अंतर काही मिलिमीटरचंच राहतं. जाडी वाढत जाते, पण कच्चा मध्य कधी तयारच होत नाही. माणूस तासन्‌तास तिथे अडकतो, हे खरं. हा शॉर्टकट उष्णतेसाठी आहे, करणाऱ्यासाठी नाही.

पाश्चात्त्य घरांत नाताळला अख्खा टर्की पक्षी भाजतात, तिथे याच वर्गाच्या नियमाची मोठी परीक्षा होते. वोल्फगांग पॅनोफ्स्की या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने टर्कीसाठी सूत्र दिलं होतं, त्यात वेळ वजनाच्या दोन-तृतीयांश घातात वाढतो. पक्षी सर्व बाजूंनी दुप्पट मोठा असेल तर त्याचं वजन आठपट होतं आणि भाजायचा वेळ चौपट. किलोमागे अमुक मिनिटं असा सरधोपट हिशेब मोठ्या पक्ष्याला लावला तर तो कोरडा पडणार, हे या सूत्रातून सरळ दिसतं. आपल्याकडे अख्खी कोंबडी भाजायची हौस असेल तर पाठीचा कणा कापून ती सपाट पसरावी. वेळ बराच वाचतो आणि मांडीचा सांधा कच्चा राहत नाही.

मटणाची गोष्ट वेगळी आहे, आणि इथेच खरा भेद आहे. रश्श्याच्या मटणाचे तुकडे लहान असतात. त्यांच्या मध्यापर्यंत उष्णता काही मिनिटांत पोचते. त्यानंतरचा सगळा वेळ जातो तो कोलॅजेनपायी. स्नायूंना बांधून ठेवणारं हे चिवट प्रथिन पाण्यात हळूहळू सुटून जिलेटिन होतं, तेव्हा मटण मऊ होतं आणि रश्श्याला अंग येतं. ही रासायनिक क्रिया आहे आणि अशा क्रियांचा वेग तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो. ढोबळ मानाने दर १० अंशांना दुप्पट. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून थोडं उंच आहे, त्यामुळे इथे उघड्या पातेल्यात पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. कुकरमध्ये दाब वाढला की तेच पाणी १२० अंशांपर्यंत जातं. म्हणजे २२ अंशांचा फरक, क्रिया चौपटीच्याही वर वेगवान. द्‌नी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये हाडं मऊ करणारं बंद भांडं दाखवलं, ते याच तत्त्वावर. कुकरचं मटण म्हणजे कमअस्सल, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. कोलॅजेनच्या दृष्टीने कुकर अगदी सच्चा आहे. कुकरमध्ये काय होत नाही, तर मसाला परतला जात नाही आणि पाणी आटत नाही. कांदा-खोबरं भाजताना जो तांबूस रंग आणि वास येतो, ती लुई-कामिय मायार यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेली क्रिया. तिला कोरडी आणि १४० अंशांच्या आसपासची आच लागते. तेवढं काम कढईत करावं, बाकीचं कुकरवर सोपवावं.

केकचं प्रीमिक्सही असंच तपासून पाहता येईल. केक फुगतो तो कार्बन डायऑक्साइडने, पण बेकिंग पावडर नवे फुगे जवळपास तयार करत नाही. लोणी आणि साखर फेटताना जे बारीक फुगे अडकतात, त्यांनाच हा वायू मोठं करतो. म्हणून फेटण्याला पर्याय नव्हता. प्रीमिक्समध्ये मैदा, साखर, बेकिंग पावडर यांच्याबरोबर इमल्सिफायर असतो, तो हवेचे फुगे धरून ठेवायला मदत करतो आणि फेटण्याचा वेळ कमी होतो. वाचतो तो हाताचा वेळ, ओव्हनमधला नाही. शिरोलीत हाच वायू वेगळ्या कामाला लावतात. सोडियम सिलिकेट मिसळलेल्या वाळूतून कार्बन डायऑक्साइड सोडला की वाळू थोड्या वेळात घट्ट होते आणि कोअर, म्हणजे कास्टिंगमधली पोकळ जागा राखणारा वाळूचा गाभा, तयार होतो. आणि वायूचे जे फुगे केकमध्ये हवेत, तेच कास्टिंगमध्ये राहिले तर त्याला ब्लो होल म्हणून नाकारतात.

ओव्हन नसलेल्या घरांत कुकरच्या तळाशी वाळू किंवा मीठ पसरून, रिंग आणि शिटी काढून केक करतात. पद्धत शहाणपणाची आहे. वाळू बर्नरच्या ज्योतीचा झटका अंगावर घेते आणि उष्णता सगळीकडे सारखी पसरवते. वरून आच कमी मिळते म्हणून माथा फिका राहतो, एवढीच उणीव. मात्र शिरोलीत राहणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. कारखान्यातली वापरलेली वाळू कधीही घरी आणू नये. तिच्यात कोळशाची पूड, बेंटोनाइट माती किंवा रेझिन असतं आणि ते तापल्यावर अन्नाच्या आसपास नको. साधं मीठ पुरतं.

केकमधल्या बेदाण्यांसाठी लांब जायला नको, सांगलीचं तासगाव जवळच आहे. तिथे द्राक्षं वाळवण्याआधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणाची प्रक्रिया करतात. सालीवरचं मेण त्याने सैल होतं आणि पाणी लवकर बाहेर पडतं. एक शॉर्टकट शेतकऱ्याने आपल्यासाठी आधीच घेतलेला असतो. कोरडे बेदाणे तसेच घातले तर ते मिश्रणातलं पाणी ओढतात आणि केक भुरभुरीत होतो. पूर्वतयारी म्हणून ते कित्येक दिवस रसात भिजवतात. ते जमलं नाही तर संत्र्याच्या किंवा काळ्या द्राक्षांच्या रसात मंद आचेवर दहा मिनिटं ठेवून गार करावेत. गरम द्रवात रस आत शिरण्याचा वेग वाढतो, आणि बेदाणा इतका लहान की अंतराचा प्रश्नच येत नाही.

अनारशात मात्र वेळ जिवाणूंचा असतो. तांदूळ तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलतात, त्या काळात दाणा मऊ होतो आणि किंचित आंबटपणा येतो. एका रात्रीत हे होत नाही आणि आच वाढवून तर मुळीच नाही. पण गूळ घातलेलं पीठ डब्यात बरेच दिवस टिकतं, कारण गुळाने पाणी बांधून ठेवलेलं असतं आणि बुरशीला ते मिळत नाही. गूळ किंवा ओल जास्त झाली तर मात्र अनारसा तुपात हसतो, म्हणजे विरघळून पसरतो. दिवाळीच्या वेळीच थोडं जास्त पीठ करून ठेवलं की नाताळला तीन दिवस वाचतात.

त्यामुळे पाळीवरून येणाऱ्या घरासाठी माझा बेत असा राहील. २२ तारखेला बेदाणे रसात घालावेत. २३ ला पसरट डब्यांत केक भाजावेत आणि मध्यभागी सुई घालून ती कोरडी निघेपर्यंत झाकण वारंवार उघडू नये. भाजून झाल्यावर केक लगेच कापू नये, आतला स्टार्च गार होतानाच घट्ट बसतो. २४ ला अनारसे तळावेत, कांदा-खोबऱ्याचं वाटण भाजून वाटून ठेवावं. २५ ला उपासनेहून आल्यावर कुकर लावला, तरी दुपारच्या पंगतीला रस्सा वेळेत येतो.