रेणूंचे आकार: मोजणीपासून बलापर्यंत

पांढुर्णा-सौंसर म्हटले की संत्र्याचे बगीचे आणि मँगनीजच्या खाणी. रेणूचा आकार कागदावर ओळखण्याच्या शास्त्राला या दोन्हींत उदाहरणे सापडतात, एक नियम पाळणारे आणि एक नियमाची हद्द दाखवणारे.

संत्र्याच्या सालीतल्या तेलात मुख्यतः लिमोनीन असते. त्यातल्या एका कार्बनला चार वेगवेगळे गट जोडलेले असतात, म्हणून या रेणूची डावी आणि उजवी अशी दोन रूपे संभवतात. संत्रे जवळजवळ एकच रूप बनवते. कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे वळतात, हे व्हॅन्ट हॉफ आणि ल बेल यांनी 1874 मध्ये स्वतंत्रपणे मांडले, ते अशाच डाव्या-उजव्या रेणूंचा उलगडा करण्यासाठी.

पण बंध तसेच का वळतात? सिजविक आणि पॉवेल यांनी 1940 मध्ये इलेक्ट्रॉनच्या जोड्या मोजल्या; 1957 मध्ये गिलेस्पी आणि नायहोम यांनी त्याचा पक्का नियम केला. मध्यवर्ती अणूभोवतीच्या जोड्या एकमेकींपासून शक्य तितक्या दूर राहतात: दोन असल्या तर 180 अंश, तीन असल्या तर 120, चार असल्या तर 109.5. बंधात न गुंतलेली जोडी जास्त जागा घेते, म्हणून कोन मिथेनमध्ये 109.5, अमोनियात 107 आणि पाण्यात 104.5 अंश. झेनॉन टेट्राफ्लुओराइड 1962 मध्ये तयार झाले, तेही याच हिशोबाने चौरस निघते.

मात्र हायड्रोजन सल्फाइडचा कोन जेमतेम 92 अंश आहे. पाण्याइतकेच बाहेरचे आठ इलेक्ट्रॉन असूनही वायुरूप लिथियम ऑक्साइड सरळ, तर नियमाने सरळ निघायला हवे ते बेरियम फ्लुओराइड वाकलेले. सौंसर पट्ट्यातल्या ब्राउनाइट खनिजातल्या त्रिसंयुजी मँगनीजभोवती सहा ऑक्सिजन असतात, पण त्यांचा अष्टफलक ओढाताण झालेला. त्याचे कारण जोड्या मोजून मिळत नाही. ते यान आणि टेलर यांच्या 1937 च्या प्रमेयात आहे.

वॉल्शने 1953 मध्ये कक्षकांच्या ऊर्जेकडून वाट काढली. बिद्येंदुमोहन देब यांनी मुंबईच्या आयआयटीत असताना 1974 मध्ये थेट बलाचा विचार केला. केंद्रकावर इलेक्ट्रॉनमेघाची ओढ असते आणि इतर केंद्रकांचे प्रतिकर्षण. आकाराचा निकाल मुख्यतः सर्वांत वरच्या भरलेल्या कक्षकातला मेघ लावतो. बेरिलियम हायड्राइडच्या रेणूत चार बाह्य इलेक्ट्रॉन आहेत, तो सरळ. पाचवा इलेक्ट्रॉन आला की बोरॉनचा तसाच दोन हायड्रोजनांचा रेणू सुमारे 131 अंशांत वाकतो, कारण नवा मेघ दोन हायड्रोजनांना आत खेचतो.

पुणे विद्यापीठात राजीव पाठक आणि श्रीधर गद्रे यांनी 1990 मध्ये सिद्ध केले की रेणूच्या विद्युतस्थितिक विभवाचे शिखर केंद्रकांखेरीज कुठेच नसते. मग शोध उरतो तो दऱ्यांचा, आणि मोकळ्या जोड्या त्या दऱ्यांतच दिसतात. दुसरा रेणू कुठल्या बाजूने चिकटेल, हे तिथूनच कळते. मोठ्या रेणूचे एकमेकांवर येणारे तुकडे करून त्यांचे हिशोब जोडण्याची पद्धतही गद्रे यांच्या गटाने 1994 मध्ये मांडली.

वर्गात जोड्यांचा नियम पहिला शिकवावा, कारण पेन्सिलीशिवाय त्याला काही लागत नाही. पण हायड्रोजन सल्फाइडचे 92 अंश त्याच तासाला फळ्यावर यावेत. उत्तर बरोबर येणे आणि कारण कळणे यांत फरक आहे, हे विद्यार्थ्याला तिथेच उमगेल.