जुन्या अग्निशामकातलं द्रव: गैरसमज आणि वस्तुस्थिती

फलटणच्या औद्योगिक वसाहतीत इंजिनं तयार होतात, साखरवाडीत ऊस गाळला जातो, गावोगाव गॅरेजं आहेत. अशा ठिकाणी भिंतीवर असलेल्या आग विझवण्याच्या आजच्या लाल सिलिंडरमध्ये बहुधा कोरडी पावडर नाहीतर कार्बन डायऑक्साइड असतो. पूर्वी मात्र वाहनांत आणि विजेच्या यंत्रांजवळ कार्बन टेट्राक्लोराइड किंवा क्लोरोब्रोमोमिथेन भरलेली यंत्रं ठेवत. भंगारात किंवा अडगळीत असं एखादं निघालं, तर खालचे गैरसमज महागात पडतात.

‘जे पेटत नाही ते बाधेल कशाला?’ ही द्रवं पेटत नाहीत हे खरं, पण उडतात फार लवकर. क्लोरोब्रोमोमिथेन ६८ अंश सेल्सिअसला उकळतं. त्याची वाफ छातीत गेली की डोकं गरगरतं, गुंगी येते, जास्त झाली तर शुद्ध हरपते.

‘दार उघडं आहे, पंखा चालू आहे.’ क्लोरोब्रोमोमिथेनची वाफ हवेच्या साडेचारपट जड असते, टेट्राक्लोराइडची पाचपटीहून जास्त. ती वर जात नाही, गाडीखालच्या खड्ड्यात साचते, आणि मेकॅनिक काम करतो तो तिथेच. वास येईनासा झाला म्हणजे वाफ गेली, असंही नाही. नाकाला त्या गोडसर वासाची सवय होते. तोंडाला बांधलेला रुमाल ती अडवत नाही.

‘मोकळ्या हवेत गेलं की बरं वाटतं.’ सगळ्यांत घातक समज हाच. टेट्राक्लोराइडनं आलेली चक्कर थांबते, माणूस कामाला लागतो, आणि एकदोन दिवसांनी कावीळ दिसते किंवा लघवी कमी होते. यकृत आणि मूत्रपिंडाला इजा झालेली असते. दारू पिणाऱ्याला हा धोका कितीतरी जास्त. हे द्रव त्वचेतूनही शरीरात शिरतं. तापलेल्या धातूवर पडलं तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. त्यानं फुप्फुसात पाणी भरायला काही तास लागू शकतात. म्हणून त्रास थांबला तरी डॉक्टरांकडे जावं आणि कोणतं द्रव होतं ते आवर्जून सांगावं. अशा हॅलोजनयुक्त द्रवांची विषबाधा १९४८च्या कारखाने अधिनियमानं कळवण्याजोग्या व्यवसायजन्य आजारांत घातली होती.

‘बंदी आली, आता कुठे असणार?’ ओझोनच्या थराला धोका म्हणून मॉन्ट्रियल करारानं ही रसायनं आवरली. भारत त्यात १९९२ साली सामील झाला. पण बंदीमुळे जुनं नळकांडं रिकामं होत नाही. लेबल नसलेलं, पितळी पंपाचं यंत्र हाती आलं तर ते उघडू नये, दाबून पाहू नये, नाल्यात ओतू नये. कारखान्यात सुरक्षा अधिकाऱ्याला कळवावं. गॅरेजवाल्यानं घातक कचरा हाताळण्याचा परवाना असलेल्यांकडेच द्यावं.