नाताळची सजावट कधी उतरवायची?

चौकट : तारखा आणि आवराआवर

• नाताळचे बारा दिवस : २५ डिसेंबर ते ५ जानेवारी.
• ६ जानेवारी : पाश्चात्त्य परंपरेत तीन राजांचा सण. त्यानंतर येशूजन्माचा गोठा, कागदी तारा, झाड आवरण्याची रीत.
• दनहा : सिरो-मलबार कॅथलिक परंपरेत ६ जानेवारीलाच येशूच्या बाप्तिस्म्याचा सण.
• लॅटिन (रोमन कॅथलिक) विधी : नाताळकाळ येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला संपतो; तो बहुधा ६ जानेवारीनंतरच्या रविवारी येतो.
• २ फेब्रुवारी : नाताळपासून चाळिसावा दिवस, येशूच्या मंदिरातील समर्पणाचा सण. काही देशांत गोठा तोवर राहतो.


काय ठेवायचे, काय काढायचे?

• तारा : आधी वीज बंद, मग बल्ब काढा. कागद फाटला तरी बांबूच्या कामट्यांचा सांगाडा पुढच्या वर्षी चालतो.
• गोठा : मूर्ती एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळा. धानाची कोरडी तणस जनावरांना चालते; चमकी, रंग लागलेली नको.
• दिव्यांची माळ : पुठ्ठ्यावर गुंडाळा, गाठी पडत नाहीत.
• थर्माकोल, चमकी : जाळू नका, कोरड्या कचऱ्यात द्या.