टूटूचा घेर

घाटकोपरच्या खोत गल्लीत, जिथे सायंकाळी पुढच्या माणसाच्या पाठीवाचून दुसरे काही दिसत नाही आणि भाजीवाल्याची आरोळी कुठे संपली व चादरवाल्याची कुठे सुरू झाली हे सांगता येत नाही, तिथे नातीच्या स्नेहसंमेलनासाठी जाळीचे कापड आणण्याची कामगिरी माझ्यावर येऊन पडली, तेव्हा दुकानदाराने पहिलाच सवाल केला, "आजोबा, कडक देऊ का मऊ?" जाळीतही जाती असतात हे मला सत्तरीला टेकल्यावर कळले. शाळेतल्या बाईंच्या चिठ्ठीत 'गुलाबी टूटू' एवढाच मजकूर होता. दोन्ही जातींचे पाच-पाच मीटर घेऊन मी मुलुंडला परतलो. आमच्या शिंप्याने ते कापड मुठीत चुरगळले, मूठ उघडली, कापड कितपत उसळते ते पाहिले आणि निकाल दिला, "हा तर कॅनकॅन! लेहेंग्याच्या आत लावतो तो. हिला बाहेरून लावायचा, एवढंच. किती थर?"

मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत लग्नसराईत अस्तर आणि नाडी यांच्याइतक्याच सहजतेने उच्चारला जाणारा हा 'कॅनकॅन' म्हणजे मुळात पॅरिसमधल्या एका बेफाम नाचाचे नाव आहे, हे त्या सद्गृहस्थांच्या गावीही नव्हते, आणि असण्याचे कारणही नव्हते. बॅलेच्या तथाकथित सोवळ्या टूटूशी या उच्छृंखल नाचाचे नाते मात्र एका शिंप्याने एका क्षणात जुळवले, आणि ते खरे तर चुकीचे नव्हते.

टूटूच्या इतिहासाचा प्रारंभ नाचाऐवजी यंत्रापासून करणे मला अधिक न्याय्य वाटते. षट्कोनी छिद्रांची जाळी पूर्वी हातांनी विणली जाई. तूल नावाच्या फ्रेंच गावावरून तिला 'ट्यूल' म्हणत, आणि ती अंगावर घालणे हा सरदारघराण्यांचा मक्ता होता. जॉन हीथकोट या इंग्रज कारागिराने 1808-09 च्या सुमारास ती जाळी विणणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळवले. पोटावर पाय आल्याच्या भावनेने चिडलेल्या जमावाने 1816 मध्ये लफबरो येथील त्याच्या कारखान्यातली यंत्रे फोडून टाकली, तरी जाळी स्वस्त व्हायची ती झालीच. आणि वजनाने हलकी, प्रकाशात अर्धी विरून जाणारी ही वस्तू रंगभूमीच्या हाती लागताच वस्त्राला धुक्याचा गुण आला.

12 मार्च 1832 रोजी पॅरिसच्या ऑपेरागृहात 'ला सिल्फीद' या बॅलेत मारी टाग्लिओनी ही नर्तिका वायुकन्येच्या भूमिकेत अवतरली. पोटरीच्या मध्यापर्यंत येणारा, घंटेसारखा फुललेला तिचा शुभ्र घागरा आणि पायाच्या अंगठ्यांवर तोललेले तिचे शरीर या दोहोंनी मिळून प्रेक्षकांना असा भास करून दिला, की ही स्त्री भूमीला स्पर्श करते ती केवळ उपकार म्हणून. घागरा घोट्याच्या वर सरकला होता तो शृंगारासाठी नव्हे. पायाचे काम दिसावे म्हणून. ('टूटू' हा शब्द मात्र लेखी सापडतो तो 1881 च्या सुमाराचा, आणि त्याची जी व्युत्पत्ती बहुधा सांगितली जाते ती लहान मुलांच्या बोलीतील बसण्याच्या अवयवाशी जाऊन भिडते, अधिक खुलासा शिष्टसंमत नियतकालिकात करू नये.)

या धुक्याची किंमत भयंकर होती. रंगमंच तेव्हा वायूच्या दिव्यांनी उजळत, आणि अनेक पदरी जाळीला ज्योत लागली तर ती कागदासारखी पेटे. म्हणून 1859 मध्ये फ्रान्सच्या बादशाही सरकारने फर्मान काढून पडदे व पोशाख अग्निरोधक द्रावणात बुडवण्याची सक्ती केली. द्रावणाने कापड ताठर होई व त्याचा रंग मळकट दिसे. टाग्लिओनीची लाडकी शिष्या एमा लिव्ही हिने आपल्या जबाबदारीवर साधाच घागरा घालण्याचा आग्रह धरला. नोव्हेंबर 1862 मधील एका तालमीत, बसून चुरगळू नये म्हणून वर उचललेला तिचा घागरा दिव्याला लागला. आठ महिने वेदना सोसून वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी ती गेली. तिच्या त्या पोशाखाचे उरलेले चिंध्यांइतके तुकडे पॅरिसच्या ऑपेराच्या संग्रहात जपून ठेवले आहेत. त्या अपघाताच्या दोन वर्षे आधी टाग्लिओनीने तिच्यासाठी रचलेल्या 'ल पापियाँ' या बॅलेत तिने फुलपाखराची भूमिका केली होती, आणि त्या फुलपाखराचे पंख मशालीने जळतात. संगीत ओफेनबाखचे होते. ज्याच्या दुसऱ्या एका रचनेवर जग आजही कॅनकॅन नाचते, तोच हा गृहस्थ. आमच्या शिंप्याचे नाते इथवर येऊन पोहोचते.

पुढे इटलीच्या नर्तिकांनी गिरक्यांचे आणि उड्यांचे तंत्र इतके अवघड करून ठेवले, की घागरा आणखी आखूड होणे क्रमप्राप्तच ठरले. 1885 मध्ये पीटर्सबर्गला गेलेल्या व्हर्जिनिया झुक्कीने रुळलेला शिरस्ता मोडून आखूड घागऱ्याचा हट्ट धरला. हळूहळू जाळीचे दहा-बारा थर, खालचे अरुंद आणि वरचे रुंद, कमरेशी आडवे उभे राहिले, आणि थाळीसारखा ताठ टूटू सिद्ध झाला. पाय मोकळा करण्याचा प्रश्न आपल्याकडेही होताच. लावणीच्या फडावर तो नऊवारीच्या कासोट्याने सोडवला: पाय झाकलेला आणि तरीही पूर्ण मोकळा, जाळी नाही, तार नाही, एक टाकाही नाही. ही तुलना करताना मी निःपक्षपाती नाही, हे कबूल करतो.

आता मुंबई. 1922-23 च्या आशियाई दौऱ्यात रशियन बॅले-नर्तिका अॅना पाव्हलोव्हा मुंबईत नाचून गेली, आणि 1928 च्या सुमारास पुन्हा आली. 'मरणासन्न हंस' या तिच्या विख्यात नृत्यातला पिसांचा टूटू पाहून इथे टूटूंचे पेव फुटायला हवे होते. घडले ते उलटेच. ती स्वतःच भारताकडे वळली. 1923 मध्ये तिने लंडनला अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर बॅले सादर केला, आणि उदयशंकर नावाच्या चित्रकलेच्या तरुण विद्यार्थ्याला बरोबर घेऊन कृष्णाची भूमिका दिली. रुक्मिणीदेवी अरुंडेल तिच्या सहवासात आल्या आणि भरतनाट्यमकडे वळल्या. मुंबईच्या मादाम मेनकांनी तिच्या प्रोत्साहनाने कथकाचे नृत्यनाट्य उभारले आणि खंडाळ्याला नृत्यशाळा काढली. हंसाची पिसे कोणीच घेतली नाहीत.

उदयशंकरांच्या अल्मोड्याच्या केंद्रात शिकवणारे शांती बर्धन 1944 मध्ये मुंबईला आले, आणि 'इप्टा' या नाट्यसंघटनेचे मध्यवर्ती नृत्यपथक अंधेरीत बिऱ्हाड करून राहू लागले. आज अंधेरीच्या नावाबरोबर मेट्रो आणि वाहनांची कोंडी डोळ्यांपुढे येते. त्या काळी तिथे तरुण मुले-मुली एका घरात जेवून-खाऊन, बंगालचा दुष्काळ आणि देशाची दैना नृत्यातून कशी दाखवावी याच्या तालमी करीत होती. 'स्पिरिट ऑफ इंडिया' आणि 'इंडिया इम्मॉर्टल' हे त्यांचे बॅले; दुसऱ्याचे संगीत तरुण रविशंकरांचे. पुढे क्षयाने पोखरलेल्या बर्धनांनी 1952 मध्ये 'लिटल बॅले ट्रूप' काढला आणि रामायण असे बसवले, की नर्तक कळसूत्री बाहुल्यांप्रमाणे हालत; दोनच वर्षांत ते वारले. ही सारी मंडळी आपल्या कामाला निःसंकोचपणे 'बॅले' म्हणत. पाव्हलोव्हापासून उदयशंकरांमार्फत अंधेरीपर्यंत शब्द येऊन दाखल झाला होता, टूटू वाटेतच कुठे तरी गळून पडला होता.

टूटू आला तो मागाहून, आणि नाचाला सोडून. 1947 च्या फेब्रुवारीत ख्रिस्तियाँ दिओरने युद्धाच्या काटकसरीला कंटाळलेल्या पॅरिसमध्ये, आतून जाळीने फुलवलेले घेरदार झगे मांडले. तीनच वर्षांनी बार्बारा कारिन्स्का या वेशकारिणीने न्यूयॉर्कमध्ये टूटूतले तारेचे कडे काढून टाकले, थर कमी केले, आणि ओळीने नाचणाऱ्या मुलींचे टूटू एकमेकींना आपटणे थांबले. रंगभूमी आणि पेठ यांच्यात तेव्हापासून जी देवघेव चालली आहे तिचा पुढचा हिशेब देण्यात मला रस नाही. 2001 मध्ये ब्यर्क ही गायिका ऑस्करच्या समारंभाला गळ्याभोवती हंस गुंडाळून आली, एवढे नमूद केले म्हणजे पुरे. आपल्या उपनगरांत त्या घेराने दोन वाटा धरल्या: एक पहिल्या वाढदिवसाच्या फ्रॉकची, दुसरी नवरीच्या लेहेंग्याची. एका वाटेवर त्याला टूटू म्हणतात, दुसरीवर कॅनकॅन, आणि दोन्ही वाटांवर नाच असेलच असे नाही.

खरा बॅलेही मुंबईत आहे, हे न सांगणे अन्यायाचे होईल. तुश्ना दलास यांनी 1966 मध्ये सुरू केलेल्या शाळेत तो रीतसर शिकवला जातो. अलीकडे ज्यांची नावे गाजली ते दोघे मात्र मुलगे: टॅक्सीचालकाचा मुलगा मनीष चौहान आणि वेल्डिंग करणाऱ्याचा मुलगा अमिरुद्दीन शाह, येहुदा माओर या परदेशी गुरूच्या कडक शिस्तीत तयार झालेले. सूनी तारापोरवालांनी 2020 मध्ये त्यांच्यावरून 'ये बॅले' हा चित्रपट काढला. टूटू मुलींचा पोशाख. या दोघांचा त्याच्याशी संबंध आला असेल तर एवढाच, की गिरकी घेणाऱ्या सहनर्तिकेला कमरेशी धरताना तो ताठ घेर छातीवर खुपतो.

आमचा टूटू चार थरांचा झाला: दोन कडक, दोन मऊ, नेफ्यात इलॅस्टिक. कालिदास नाट्यमंदिरातल्या कार्यक्रमाला जाताना नात रिक्षात बसायला तयार होईना. बसले की चुरगळेल, हे तिचे म्हणणे, आणि मला एमा लिव्ही आठवली. अखेर ती रिक्षात माझ्या गुडघ्यांच्या मध्ये उभी राहिली, आणि गुलाबी जाळी संपूर्ण प्रवासभर माझ्या नाकाला गुदगुल्या करीत राहिली. नाचात तिच्या वाट्याला मागच्या रांगेत हात हलवणे एवढेच होते. घरी आल्यावर टूटू कपाटात मावेना. थाळीसारखे टूटू उलटे टांगून ठेवतात म्हणजे घेर खाली पडत नाही, असे वाचल्याचे स्मरत होते. म्हणून गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या दोरीला दोन चिमटे लावून तोही उलटा टांगला. सकाळी दूधवाल्याने विचारले, "आजोबा, दिवाळीचा कंदील एवढ्यातच लावला?"